दमयंतीची गाठ

शिरगावच्या पानमळ्यात दमयंतीने बांधलेली वेल वाऱ्याने सुटली असं कधी झालं नाही. केळीच्या चिवट सालीची, सोपटाची, तिची गाठ म्हणजे गाठ. म्हणूनच नवरा, विश्राम, माडावरून पडला आणि त्याचा उजवा हात कोपराखाली मोडला, तेव्हा तिने कुणाची वाट पाहिली नाही. हळदीचा लेप थापला, बांबूच्या कामट्या लावल्या आणि हात बांधला. बोटं सुजली, काळीनिळी पडली. विश्राम कळवळला.

"बोंबलू नका. ढिला रायला तर हाड वाकडं जुळल," म्हणत तिने आणखी एक वेढा दिला. तीन आठवडे रोज सकाळी ती गाठ आवळत होती.

हाड जुळलं. पण बांधणी सोडली तर बोटं तळव्यात वळलेली. ती उघडेनात. कोयता धरता येईना, माडाला मिठी मारता येईना. आणि माडाशिवाय विश्रामला दुसरं येत काय होतं?

शेजारच्या कृष्णकांतने त्याला सायकलवर पालघरच्या दवाखान्यात सोडलं. तो तारापूरला विजेच्या कारखान्याच्या बांधकामावर होता. "मुठीत मोहरा लपवल्यास काय रे?" म्हणून हसला आणि कामाला निघून गेला.

डॉक्टरांनी बोटं ओढून पाहिली. भिंतीवर माणसाचं सोललेलं चित्र होतं. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "स्नायू तीन जातींचे. एक काळजाचा, एक आतड्यांचा. त्यांना हुकूम लागत नाही. तिसरे हाडांना बांधलेले, तेवढे तुझं ऐकतात. पण त्यांना फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. एक ओढतो तेव्हा मूठ मिटते, दुसरा ओढतो तेव्हा उघडते. तुझे मूठ मिटवणारे मेले. आखडून सुंभ झालाय त्यांचा, म्हणून मूठ उघडत नाही."

"कशानं मेले?"

"आवळून बांधल्याने. रक्त पोचलं नाही. पहिल्याच दिवशी सोडलं असतं, तर हात वाचला असता. कुणी बांधला?"

"मासवणच्या वैदूनं," विश्राम पटकन बोलून गेला. मग हळूच विचारलं, "माडावर कधी चढंन?"

डॉक्टरांनी त्याचा हात उचलून त्याच्याच मांडीवर ठेवला.

वाटभर तो बोटांना सांगत राहिला, उघडा. बोटं मिटलेलीच. काळीज मात्र न सांगता धडधडत होतं. त्याचा त्याला राग आला.

घरी दमयंती ओट्यावर बसून होती. "काय बोलले?"

"पडतानाच नस तुटली, बोलले."

ती त्या वळलेल्या बोटांकडे बघत राहिली. "नाय वो. माझंच चुकलं. तुमी ओरडलाव नि मला कीव आली. गाठ ढिली बांधली मी."

पाण्यात भिजत घातलेली सोपटं तिने आधीच काढून ठेवली होती. कामट्याही नव्या होत्या.

विश्राम तिच्यासमोर बसला आणि हात पुढे केला. तिने वेढे घातले, गुडघ्याचा जोर लावून गाठ आवळली.

"घट्ट हाय ना?"

बोटांना काहीच कळत नव्हतं.

"हाय," तो म्हणाला.