शुक्रवारचे सल्ले

युनिव्हर्सिटीच्या फी काउंटरवरून जमाल बर दुबईतल्या घरी परतला तो धुमसतच. पदवीला लागतात त्याहून कितीतरी जास्त क्रेडिट त्याच्या मुलीच्या, इन्शाच्या नावावर झाले होते. आणि मर्यादा ओलांडली की पुढच्या प्रत्येक विषयाला जादा फी!

"तीन हजार दिरहम वर! म्हणजे सत्तर हजार रुपये!" तो बायकोवर, शहनाझवर ओरडला. "खलास! शिक्षण बंद. माझा दोस्त हारुन म्हणतो, तिकीट-बुकिंगचा कोर्स सहा महिन्यांत होतो."

"अब्बा, प्लीज! ओन्ली वन टर्म लेफ्ट!" इन्शा रडवेली झाली.

शहनाझची मावशी, रुकय्या खाला, आतल्या खोलीत शेजारच्या मुलांना गणित शिकवत होती. ती बाहेर आली.

"जमाल, हिला इंजिनीअरिंगला कुणी घातलं?"

"मीच. हारुनचा भाचा अबुधाबीत तेल कंपनीत लागला होता ना."

"मग कॉम्प्युटर?"

"शुक्रवारी जेवायला जमलेले सगळे म्हणाले, आता त्याचाच जमाना."

"आणि कॉम्प्युटरवाल्यांच्या नोकऱ्या गेल्यावर अकाउंट्स. तेही बिर्याणीवरच ठरलं! अरे, शाखा बदलली की जुने विषय वाया जातात, पण मोजले जातातच." खाला त्याच्यासमोर बसली. "तू जबल अलीच्या बंदरात कंटेनर सांभाळतोस. चुकीच्या बंदरात धाडलेला कंटेनर पडून राहिला, तर दंड कोण भरतं? कंटेनर?"

"छे! ज्यानं धाडला तो..." जमाल बोलता बोलता थांबला.

"मग पोरीवर का ओरडतोस? तिला काय आवडतं, हे कधी विचारलंस?"

कधीच नव्हतं विचारलं! जमालने मान वर केली. "इन्शा, तुला काय शिकायचंय, बेटा?"

"अकाउंट्सच, अब्बा. आय ॲम गुड ॲट इट. आता नका ना बदलू."

"नाही बदलणार! जादा फी मी भरेन. चूक माझी आहे."

पुढच्या शुक्रवारी ताट पुढे ओढत हारुनने विचारलं, "मग, तिकीट-बुकिंग नक्की ना?"

"हबीबी, तू लेग पीस घे," जमाल हसला. "पोरीचं पोरीला विचार. आतच बसलीय, अभ्यास करत."

वाचकहो, आपणही मुलांच्या वाटा चारचौघांच्या पंगतीत ठरवतो आणि वाट चुकली की मुलांनाच दरडावतो. सल्ले जरूर ऐकावेत. पण पहिला प्रश्न मुलाला विचारावा. शिकायचं त्याला आहे!