तिरपे तुकडे

चुरामामांनी दगडाचा तिसरा तुकडा दाबयंत्रात बसवला, हँडल मारायला सुरुवात केली, आणि काटा सात टनांवर पोचतो न पोचतो तोच तुकडा बिस्किटासारखा तिरका मोडून पडला.

मामांनी चष्मा पुसला. मग काट्याची काच पुसली.

एकाच डोंगरातला एकच दगड, त्यातून कापलेले मनगटाएवढे जाड गोल तुकडे. थर आडवे असलेला पहिला अठरा टनांना फुटला, थर उभे असलेला दुसरा सोळाला, आणि थर तिरपे असलेला हा सातला. मामांनी यंत्रातलं तेल पाहिलं. पोलादी ठोकळा ठेवून परीक्षा घेतली. यंत्र शुद्धीवर होतं. आणखी दोन तिरपे तुकडे चिरडले. सात. साडेसहा.

प्रयोगशाळेत एकतीस वर्षं खडक चिरडून मामांनी 'चुरामामा' हे नाव कमावलं होतं. नुसती टिचकी मारून ते दगडाचं वय, ताकद आणि स्वभाव सांगतात अशी त्यांची ख्याती होती; ती पसरवणारेही तेच. आठ वर्षांपूर्वी रस्त्यासाठी याच डोंगराचा पाय कापला, तेव्हा दगड मामांनीच तपासला होता. पुढे त्या कापातून उभ्या राहिलेल्या कड्याखाली जावयाला घर घ्यायला लावलं, तेही छातीठोकपणे. "त्याला फोडताना माझं मशीन घामाघूम झालं होतं, जावईबापू."

कड्याची नव्याने तपासणी करणारी इंजिनीअर बाई मघापासून शेजारी उभी होती.

"पत्त्यांचा कॅट वरून दाबला तर काही होत नाही, मामा. तिरका धरून दाबला की पानं घसरतात."

"पत्ते कागदाचे असतात, बाई. हा दगड आहे."

"गाळाचे थर साचून झालेला दगड. दोन थरांमधला सांधा कच्चा राहतो." तिने हातातला जुना अहवाल उलटला. "यात तिरपा तुकडा एकही कसा नाही?"

"तिरपे ड्रिलखालीच तुटायचे. तुटका नमुना मशीनला लावत नसतात. टाकून द्यायचो."

बोलून झाल्यावर मामांना आपलंच वाक्य ऐकू आलं.

"कड्यातले थर तिरपेच आहेत," बाई म्हणाली. "रस्त्याकडे उतरलेले."

"मग आठ वर्षं उभा कसा राहिला?"

"तेच मलाही कळत नाहीये."

मामा व्हरांड्यात आले आणि त्यांनी लेकीला फोन लावला.

"आजच इकडे राहायला या. सगळे."

"का? आई बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे."

"मग आता कुठली नवी गोष्ट, बाबा? पोरांच्या परीक्षा आहेत."

मामांनी तोंड उघडलं. लेकीला माहेरी आणण्यासाठी आजवर त्यांनी बिबट्या सोडला होता, भुयार सापडवलं होतं, एकदा तर स्वतःला अर्धा तास मारलंही होतं. आज एकही थाप हाताशी येईना.

"कडा पक्का आहे असं मी म्हणालो होतो," ते म्हणाले. "आता मला कळत नाहीये, बाळ. खरंच कळत नाहीये."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. हे वाक्य बापाच्या तोंडून तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

मग तिने विचारलं, "चार दिवसांचे कपडे घेऊ, की कपाटच रिकामं करू?"