दोन चुंबकं कमी

मावशी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढे स्क्रू फिरवायचे, आणि सुट्टीच्या दिवशीही बोटांना स्वस्थता नाही. तिला नाद होता गाड्यांच्या शर्यतीचा. गाड्या वीतभरही नसतील, खाच पाडलेल्या ट्रॅकवर विजेवर पळणाऱ्या. गाडीच्या पोटाखालची खुंटी खाचेत बसते, हातात बंदुकीच्या चापासारखा एक घोडा असतो, तो दाबाल तशी गाडी पळते. एका निवृत्त मास्तरांनी आपल्या गॅरेजमध्ये असा लांबलचक ट्रॅक मांडला होता. दर बुधवारी सात-आठ मोठी माणसं तिथे जमायची आणि लहान मुलांसारखी भांडायची.

भांडण बहुतेक चुंबकांवरून. गाडीच्या तळाला चुंबक असलं की ती ट्रॅकमधल्या लोखंडी पट्टीला धरून राहते. वळणावर कितीही दामटा, पडत नाही. मास्तर म्हणायचे, "मग यात तुमचं कर्तृत्व काय? चुंबक काढा, बघू कोण किती पाण्यात आहे ते!" मावशीचंही तेच म्हणणं. बरीच तोंडातोंडी होऊन शेवटी ठरलं एकदाचं, की यापुढे शर्यत चुंबकाविना.

म्हणून त्या रविवारी दुपारी ती आपल्या चार गाड्या उताण्या पाडून बसली होती. शेजारी सतरंजीवर भिंगरी होती, तिच्या ताईची अडीच वर्षांची मुलगी. एका जागी म्हणून बसायची नाही, त्यावरून हे नाव पडलेलं. ताई बसवर कंडक्टर होती, रविवारी तिची ड्युटी असायची. भाऊजी बोटीवर, सहा-सहा महिने बाहेर. तेव्हा रविवारी भिंगरी मावशीकडे, हे ठरलेलंच होतं.

चार गाड्यांची चार चुंबकं निघाली. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी, चकचकीत, आणि जोर असा की दोन चिकटली तर नखं तुटायची वेळ. मावशीने ती लाकडी ताटलीत लांब लांब ठेवली. तेवढ्यात बेल वाजली. शेजारीण गच्चीची किल्ली मागायला आली होती. किल्ली खुंटीवर नव्हती, ती शोधून देईपर्यंत थोडं बोलणं झालं. मावशी परत आली तर ताटलीत दोनच चुंबकं.

आधी ती घाबरली नाही. टेबलाखाली पाहिलं. सतरंजीवरून स्क्रूड्रायव्हर फिरवला. चुंबक असतं तर टुणकन उडून चिकटलं असतं. एक टाचणी मिळाली. चुंबक नाही. फ्रॉकचे खिसे उलटे केले, बिस्किटाचा चुरा निघाला.

"भिंगरी, इथल्या चकचकीत गोळ्या कुठं गेल्या गं?"

भिंगरीने दोन्ही तळवे उघडून दाखवले. रिकामे. मग आ करून तोंड दाखवलं. तेही रिकामं.

"गोड नाय," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली.

चुंबकांच्या पुडीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं मावशीला लख्ख आठवलं. एक गिळलं तर एक वेळ निघून जातं. दोन गिळली तर ती पोटात एकमेकांना शोधतात. बारीक अक्षरं वाचायची तिला सवयच होती. हेही वाचलं होतं आणि पुडी टाकून दिली होती.

तिने हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "खायला-प्यायला काही देऊ नका. ओकारी काढू नका. ठीक दिसतेय म्हणून घरी थांबू नका. लगेच निघा."

उरलेली दोन चुंबकं तिने दाखवायला म्हणून डबीत टाकली आणि भिंगरीला कडेवर घेऊन जिना उतरली. टॅक्सीत भिंगरी खुशीत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, पाणी."

"आत्ता नाही हं, राणी."

"थोडं."

मावशीने तिला घट्ट धरलं. तिचं पोट मावशीच्या पोटाला लागत होतं. या एवढ्याशा पोटात ती दोन चुंबकं आत्ता कुठे असतील? ताईला सांगायला हवं होतं. फोन हातात होता. पण तिला वाटलं, आधी खात्री होऊ दे. कदाचित गिळलीच नसतील. ताईला हे लेकरू लग्नानंतर अकरा वर्षांनी झालं होतं. मावशीने फोन पिशवीत ठेवला आणि त्याची तिला लगेच लाज वाटली; तरी तो तिने परत बाहेर काढला नाही.

एक्स-रेत पांढरा ठिपका दिसला. एकच.

"एकच आहे!" मावशी जवळजवळ ओरडलीच.

"समोरून एकच दिसतोय," डॉक्टर म्हणाले. बाजूने दुसरा फोटो काढला. त्यात ठिपक्याच्या मधोमध केसाएवढी रेघ होती. "दोन आहेत, चिकटलेली. एकदम गिळली की एकेक?"

"मला माहीत नाही. माझी पाठ होती."

त्यांनी डबीतली चुंबकं घेतली आणि दुमडलेल्या जाड हातमोज्याच्या दोन्ही बाजूंना धरली. टक्‌ करून ती मोज्याला चावली. डॉक्टरांनी ओढून पाहिली, निघेनात. त्यांचा चेहरा बदललेला मावशीला दिसला.

"मधे आतडं सापडलं तर हे असं होतं. मधला भाग कुजतो, भोक पडतं. अजून ती जठरात दिसताहेत. पुढे सरकायच्या आत तोंडातून दुर्बीण घालून काढू. भूल द्यावी लागेल. सही करायला आई कुठंय?"

आता सुटका नव्हती. ताईचा फोन लागेना, ती गाडीवर होती. मावशीने डेपोत फोन केला, डेपोने ड्रायव्हरला कळवलं. दोन मिनिटांनी ताईचा आवाज आला, मागे इंजिनाची घरघर.

"काय झालं?"

"ताई, भिंगरीने माझ्या गाड्यांची दोन चुंबकं गिळलीत. आम्ही हॉस्पिटलमध्ये आहोत. तू ये."

उत्तराऐवजी ताईची शिट्टी ऐकू आली, लांब आणि कर्कश, गाडी थांबवण्याची.

ती आली ती गणवेशातच, तिकिटांचं यंत्र गळ्यात. सही केली, भिंगरीच्या कपाळाचा मुका घेतला. भिंगरीला आत नेऊन दार बंद झालं तशी बाकावर येऊन बसली.

"किती वेळ पाठ होती तुझी?"

"दोन मिनिटं."

ताईने नुसतं पाहिलं.

"पाच असतील," मावशी म्हणाली. "आणि टॅक्सीतून तुला फोन करता आला असता. केला नाही. मी भ्याले तुला."

"मला आत्ता तुझ्याशी बोलता येत नाही," ताई म्हणाली. मावशी उठायला लागली तशी तिने मनगट धरलं. "जाऊ नकोस पण."

दाराआड काहीतरी धातूचं वाजलं की दोघी एकदम दचकायच्या. एकदा नर्स धावत बाहेर आली, तेव्हा मावशीला वाटलं, संपलं सगळं. नर्सने कपाटातून नळी घेतली आणि तशीच आत गेली. ताईची नखं मावशीच्या मनगटात रुतली होती, पण मावशीने हात हलवला नाही.

पाऊण तासाने डॉक्टर आले. हातातल्या वाटीत दोन्ही चुंबकं होती, एकमेकांना चिकटलेली.

"निघाली. जठराला थोडी लाली आहे, ती जाईल. एकदम गिळली असणार, वाटेतच चिकटली. एक आधी गेलं असतं नि दुसरं उशिरा, तर आज मी असं बोलत नसतो."

ताई रडली. मावशीला रडू येईना. तिचे दात वाजत होते.

पुढचे पाच रविवार भिंगरी आली नाही. ताई तिला डेपोतल्या एका मैत्रिणीकडे ठेवायची. मावशी फोन करायची, ताई उचलायची, भिंगरी बरी आहे म्हणायची आणि ठेवायची. मावशीने सगळ्या गाड्या मास्तरांच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवल्या. चुंबकं तर मास्तरांनी हे कळताच सगळ्यांकडून गोळा करून नष्ट करायला दिली होती. बुधवारी ती जायची, पण वळणाआधी घोड्यावरचं बोट आपोआप उचललं जायचं. तिची गाडी सगळ्यांच्या मागे असायची.

सहाव्या रविवारी ताई भिंगरीला घेऊन आली. आल्या आल्या गुडघ्यांवर बसून तिने पलंगाखाली, कपाटाखाली टॉर्च मारला. चहा झाला. भिंगरी ताईच्या मांडीवरून सुटायला धडपडत होती. ताईने खूप वेळ तिला धरून ठेवलं. मग ती उठली.

"कोपऱ्यावरून दूध आणते. दहा मिनिटं लागतील."

"मी आणते ना."

"नको. तू बस हिच्याजवळ."

दार लागलं. मावशी सतरंजीवर भिंगरीसमोर मांडी घालून बसली आणि तिचे दोन्ही तळवे तिने हातात घेतले. भिंगरी हात सोडवायला बघत होती, हसत होती. रस्त्यात एका गाडीचा हॉर्न जोरात वाजला, पण तिने मान वळवली नाही. ताईची पावलं जिन्यावर ऐकू येईपर्यंत तिने त्या पोरीवरची नजर काढली नाही.