पाचव्या भागावरचा शिक्का

"पुढचे तीन काही टिकणार नाहीत," केदार म्हणाला आणि माझ्या हातातली पोळी हातातच राहिली.

हे वाक्य आमच्या घरी आठवड्यातून तीनदा तरी होतं. माझा नवरा एरवी इतका शांत की इथे जपानात, ओजिमातल्या आमच्या इमारतीतल्या आज्यासुद्धा त्याचं कौतुक करतात. पण 'चंद्रबंदर'चा विषय निघाला की त्याच्या अंगात येतं. चंद्रबंदर हे आम्ही घरात पाडलेलं नाव. चंद्रावरच्या एका बंदराची ही जपानी चित्रपटमालिका, एकूण सहा भागांची. पहिले तीन भाग चाळीस वर्षांपूर्वीचे. ते त्याने पुण्याच्या हॉस्टेलमध्ये घासून घासून पाहिले आणि जपानला यायचं तिथेच ठरवलं. पुढचे तीन बऱ्याच वर्षांनी आले आणि जुन्या चाहत्यांनी त्यांना धू धू धुतलं. धुणाऱ्यांत आमचे हे सर्वांत पुढे.

"पाचवा भाग सगळ्यात भारी आहे, बाबा," मिताली फणकारली. ती तेरा वर्षांची आहे आणि या विषयावर बापाशी भांडायला कधीही तयार असते.

"दहा वर्षांनी विचार मला. पहिले तीन असतील. बाकीचे कुठे शोधूनही सापडणार नाहीत."

एरवी मी त्याला झाडलं असतं. त्या मंगळवारी मात्र मी पोळी ताटात ठेवून दिली. केदार लोकांच्या आठवणीबद्दल बोलत होता. मी त्याच दुपारी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं की पाचवा भाग खरोखरच नाहीसा व्हायला लागलाय, आणि त्याच्या कागदावर शिक्का माझा आहे.

कावासाकीतली आमची छोटी कंपनी चित्रपटांच्या मूळ प्रती सांभाळते. चंद्रबंदरचे पहिले तीन भाग फिल्मवर आहेत. डब्यातली रिळं थंड खोलीत ठेवली की शंभर वर्षं त्यांना कुणी विचारायला नको. पुढचे तीन भाग डिजिटल. ते तळहाताएवढ्या टेपांवर असतात आणि दर काही वर्षांनी नव्या टेपांवर उतरवावे लागतात. दुकानात डीव्हीडी मिळते, पण ती म्हणजे लग्नाच्या फोटोची झेरॉक्स. पूर्ण चित्र आणि पूर्ण आवाज असलेला खरा चित्रपट फक्त आमच्याकडे.

नवी टेप लिहून झाली की यंत्र ती जुनीशी अक्षर न् अक्षर ताडून बघतं. एका चित्रपटाला नऊ तास लागतात. मग त्याचा कागद निघतो आणि त्यावर तीन शिक्के पडतात. पहिला काम करणाऱ्याचा, दुसरा तपासणाऱ्याचा, तिसरा विभागप्रमुखांचा. तपासणारी मी. माझं आडनाव सहस्रबुद्धे. ते शिक्क्यात मावेना, म्हणून शिक्क्यावर नुसतं 'नेत्रा' आहे. तो शिक्का जरा डावीकडे कलता मारायचा, म्हणजे तो शेजारच्या साहेबांच्या शिक्क्याला वाकून नमस्कार करतोय असं दिसतं. हे मला मोरियामा-साननी शिकवलं; 'सान' हे इथलं नावामागचं आदराचं शेपूट. ते साठीचे, या कामात अठ्ठावीस वर्षं, आणि त्यांची एकही चूक कुणाच्या आठवणीत नाही.

मार्चअखेरीला मोरियामा-साननी स्वतःचा पहिला शिक्का मारलेले चौदा कागद माझ्यासमोर ठेवले. वर्ष संपायला तीन दिवस होते. पाचव्या भागाच्या कागदावर ताडणीचा वेळ लिहिला होता: नऊऐवजी तीन तास.

मला तो आकडा दिसला. दिसला नाही असं मी स्वतःलासुद्धा सांगू शकत नाही. मी मान वर केली, मोरियामा-सान खिडकीशी पाठमोरे उभे होते. त्यांना काय विचारायचं? तुम्ही नीट बघितलंत का? साताऱ्याच्या आमच्या घरात वडीलधाऱ्यांना उलट विचारलं की पाठीत धपाटा बसायचा, आणि इथे तर सगळं ऑफिसच आमच्या घरासारखं. असेल काही कारण, यंत्र नवीन आहे, म्हटलं. आणि मग शिक्का किती सुंदर कलता उमटलाय ते बघत बसले. जुन्या टेपा नियमाप्रमाणे सहा महिन्यांसाठी मागच्या खोलीत गेल्या. त्यानंतर त्या भुगा करायला जातात.

ते सहा महिने या गुरुवारी संपत होते. ट्रक सकाळी दहाला येणार होता.

मंगळवारी दुपारी स्टुडिओने पाचवा भाग पुन्हा थिएटरमध्ये लावण्यासाठी मागितला, म्हणून मी नवी टेप यंत्रात घातली. चित्रपटाच्या चाळिसाव्या मिनिटाच्या थोडं पुढे वाचन थांबलं. लाल ओळ. पुन्हा घातली, पुन्हा लाल ओळ. त्या टेपेची जोडीची नक्कल नागानोच्या डोंगरातल्या गोदामात असते. ती बुधवारसाठी मागवली आणि कारण म्हणून लिहिलं 'नेहमीची तपासणी'. खोटं लिहिताना पेन अजिबात अडखळलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

भीती कशाची, ते सरळ सांगते. माझा करार नोव्हेंबरात नवा व्हायचा होता. मोरियामा-सान महिनाअखेरीला निवृत्त होणार होते, त्यांच्या निरोपासाठी केक कुठला आणायचा यावर तीन मिटिंगा झाल्या होत्या. मी तोंड उघडलं असतं तर त्यांची अठ्ठावीस वर्षं आणि माझी चार एकदमच पाण्यात.

बुधवारी सकाळच्या सभेत नेहमीप्रमाणे एकेकाचं नाव पुकारलं गेलं. नाव आलं की म्हणायचं, "इजो नाशि", म्हणजे काही वेगळं नाही, सगळं ठीक. माझं नाव आलं. मी म्हटलं, "इजो नाशि." आवाज खणखणीत निघाला.

दुपारी नागानोची टेप आली. दोन्ही नकला एकाच यंत्रावर एकाच दिवशी लिहिलेल्या. तीही तिथेच थांबली.

आता जगात पाचवा भाग धड एकाच ठिकाणी होता, तोही असलाच तर. मागच्या खोलीत, ट्रकसाठी बांधून ठेवलेल्या खोक्यात. त्या खोक्याला हात लावायला विभागप्रमुख साकुमा-सानची परवानगी लागते, आणि परवानगी मागायची म्हणजे कारण सांगायचं. मी तीनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेले आणि तिन्ही वेळा पाण्याच्या मशीनकडे वळले.

घरी आले तर मिताली एकटीच होती. केदारला यायला अवकाश होता. मी पिशवी न ठेवता तशीच खुर्चीत बसले.

"आई, तू कालपासून का बोलत नाहीस?"

या मुलीने मला हे विचारावं! सहा वर्षांची असताना ती शाळेत सात महिने एक शब्द बोलली नव्हती. घरी मराठीत अखंड चिवचिवाट, आणि शाळेच्या दारात तोंडाला कुलूप. डॉक्टर झाले, समुपदेशक झाले. मी रोज दुपारी फोनकडे बघत बसायचे, आज शाळेतून काय येतंय म्हणून. पावसाळी सुट्टीच्या एका दिवशी केदारने नाक मुरडत पाचवा भाग लावला. त्यात चंद्रावरच जन्मलेली एक मुलगी आहे. घरातले सगळे सारखे 'आपण पृथ्वीवर परत गेलो की' असं बोलत असतात. एके दिवशी ती सगळ्यांसमोर उभी राहते आणि म्हणते, "मी परत कुठे जाऊ? मी इथे आहे." मितालीने तो प्रसंग त्या दिवशी अकरा वेळा बघितला. पुढच्या आठवड्यात शाळेत हजेरी घेताना तिचं नाव आलं आणि ती म्हणाली, "मी इथे आहे." बाईंनी मला फोन केला तेव्हा त्यांना रडू आवरत नव्हतं.

तो प्रसंग त्रेचाळिसाव्या मिनिटाला आहे.

मी तिला सगळं सांगितलं. आकडा दिसला होता, हेही सांगितलं.

"मग उद्या सांग ना."

"भीती वाटते गं."

"मलाही वाटायची," ती म्हणाली. मग उठून माझ्या हातातली पिशवी तिने घेतली आणि भात लावला.

गुरुवारी सकाळी सभेत मी चौथ्या क्रमांकावर उभी होते. पहिल्याने म्हटलं, काही वेगळं नाही. दुसरीनेही. तिसरे मोरियामा-सान. त्यांचा आवाज जरा बसलेला वाटला, पण तेही तेच म्हणाले. मग माझं नाव आलं आणि मी घड्याळाकडे बघितलं. सगळे थांबले. पावणेदहा झाले होते. साकुमा-साननी पुन्हा नाव घेतलं.

"वेगळं आहे," मी म्हणाले. "चंद्रबंदरचा पाचवा भाग वाचता येत नाही. दोन्ही नकला खराब आहेत. जुन्या टेपा ट्रकमध्ये जाता कामा नयेत."

आरडाओरडा झाला असता तर बरं वाटलं असतं. साकुमा-साननी मार्चचा कागद मागवला, उभ्यानेच वाचला आणि आधी स्वतःच्या शिक्क्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मोरियामा-सानकडे पाहिलं.

मोरियामा-सान कमरेत पूर्ण वाकले. "ताडणी मध्येच थांबली होती," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "यंत्रावर बाकीच्यांची रांग होती, पुन्हा लावली असती तर मार्चमध्ये संपली नसती. मी थांबवायला हवं होतं, ते झालं नाही. पण वेळ मी खरा लिहिला होता." मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू, "मला वाटलं होतं, नेत्रा-सान विचारतील."

सहा महिने हा माणूस रोज माझ्या शेजारी बसून डबा खात होता आणि माझ्या एका प्रश्नाची वाट बघत होता. मी त्यांचा मान राखला, असं मी समजत होते.

खोकं वेळेआधीच आलेल्या ट्रकच्या फळीवरून परत आणलं. दहाला पाच कमी होते. जुनी टेप साकुमा-साननी स्वतः यंत्रात घातली आणि आम्हा दोघांना म्हणाले, "इथेच बसा." बसलो. मोरियामा-सानचे हात मांडीवर, माझे मांडीवर. चित्रपटाच्या मिनिटांचे हिरवे आकडे पुढे सरकत होते. मार्चमध्ये ताडणी थांबली ती नव्या टेपेमुळे की जुनीच खराब होती म्हणून, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. जुनीच गेली असेल तर मी आज बोलले काय आणि नाही काय, सगळं सारखंच.

अडतीस. एकोणचाळीस. चाळिसाव्याला आकडे थांबले.

यंत्राने टेप मागे घेतली. खर्र असा आवाज आला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मोरियामा-साननी डोळे मिटले. मी मनातल्या मनात त्या मुलीचं वाक्य म्हणत होते, जपानीत, मग मराठीत, मग पुन्हा जपानीत. मला रडू येत होतं आणि कुणी बघेल याची पर्वा वाटत नव्हती. यंत्राने टेप चौथ्यांदा मागे घेतली.

एक्केचाळीस.

मग बेचाळीस, मग त्रेचाळीस. मोरियामा-साननी इतका लांब श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला.

संध्याकाळी सातला वाचन संपलं. लाल ओळ एकही नाही. केदारला मेसेज केला, 'पाचवा भाग आहे.' त्याचं उत्तर लगेच आलं. मितालीने त्याला सगळं सांगितलं असावं, कारण त्याने एकही टोमणा मारला नव्हता. 'टिकेल ना गं?' एवढंच विचारलं होतं. मी उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं. आणखी काही वर्षांनी पुन्हा नव्या टेपा येतील, पुन्हा मार्चअखेर येईल, पुन्हा कुणीतरी कागदाकडे बघत बसेल. तेव्हा शिक्का कुणाच्या हातात असेल, हे मला कसं ठाऊक असणार.

साकुमा-साननी चूक झाल्याच्या अहवालाचा फॉर्म आणून दिला. कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून ते हळूच म्हणाले, "नजरचूक असं लिहिलंत तर पुरे आहे. नजरचूक कुणाचीही होते. नोव्हेंबरचंही मग मला बोलता येईल."

ते माझ्या भल्याचंच बोलत होते. मी पेन घेतलं. नजरचूक लिहायला किती सोपं होतं! करार, मितालीची शाळा, ओजिमातलं घर, सगळं त्या एका शब्दात सुखरूप बसत होतं. मी लिहिलं, 'आकडा दिसला होता. विचारलं नाही.'

मग शिक्का काढला. कलता मारायचा नाही, सरळ मारायचा, असं ठरवून मारला. तरी तो वाकडाच उमटला.