मेलेलं कार्ड

इंडोनेशियातल्या सोलो शहराच्या तंत्रनिकेतनात वुरयानीच्या प्रयोगशाळेच्या दारावर एक पुठ्ठा टांगलेला असे. त्यावर तिच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं : 'आधी लॉग वाचा, मग तोंड उघडा.'

लॉग म्हणजे मशीनची, कॉम्प्युटरची, वही. आत काय घडलं, काय बिघडलं, ते मशीन त्यात ओळीओळीने टिपून ठेवतं. दर रविवारी सकाळी तिथे गावातला लिनक्सवाल्यांचा, म्हणजे विंडोज सोडून फुकटची लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांचा, गट जमायचा. कुणी पोरगा रडत आला, "बू वुर," म्हणजे वुरबाई, "माझा प्रिंटर चालत नाही," की ती चष्म्यावरून बघायची आणि विचारायची, "लॉग वाचला का?" बाकीचे खो खो हसायचे. पन्नाशीची बाई, केसांचा अंबाडा घातलेली, आणि सगळ्या गटाला तिचा धाक. तिला तो धाक आवडायचा, हे खोटं कशाला सांगा.

ते दोन हजार चार साल होतं. घरातला टीव्ही एकाएकी बंद पडला आणि सासूचे हाल झाले. म्हातारी जन्मभर बातिकच्या कारखान्यात मेणाची कलमं चालवून डोळ्यांनी अधू झालेली, पण टीव्हीवरचं शनिवारी संध्याकाळचं केतोप्राक नाटक तिने कधी चुकवलं नव्हतं. राजे, राण्या, फितुरी, मधेच विदूषक. अर्धं दिसायचं, अर्धं ती मनाने भरून काढायची.

"तुझ्या त्या पेटीत टीव्ही येतो म्हणे," म्हातारी म्हणाली. वुरयानी तिला म्बोक, म्हणजे आई, म्हणायची.

"येतो, म्बोक. एक कार्ड बसवावं लागतं."

"मग बसव की. एवढी पोरं शिकवतेस."

कार्ड तिने कोह हिएनच्या दुकानातून आणलं. तो चिनी वंशाचा; कोह म्हणजे त्यांच्यातला 'दादा'. बाजारामागच्या गल्लीत त्याचं जुन्या-नव्या सुट्या भागांचं दुकान होतं. अठ्ठ्याण्णव साली चिन्यांविरुद्धच्या दंगलीत ती गल्ली पेटली तेव्हा ते दुकानही जळालं होतं; लोखंडी शटरच्या वरच्या कडेला काळपट डाग अजून होता, रंग देऊनही वर यायचा. लिनक्सवर चालतील असे भाग तो मुद्दाम शोधून ठेवायचा. गटातली निम्मी पोरं त्याचीच गिऱ्हाइकं.

त्या काळी असल्या स्वस्त कार्डांवर धड नावसुद्धा नसायचं. आपण कोण हे ते मशीनला सांगत नसे. मग लांबलचक यादी घेऊन बसायचं आणि आकडे घालून बघायचे. कार्डाचा आकडा वेगळा, चॅनेल पकडणाऱ्या डबीचा वेगळा. ती डबी म्हणजे ट्यूनर. डबीचा आकडा चुकला की पडद्यावर नुसत्या मुंग्या.

वुरयानीने यादी छापून घेतली आणि एकेक आकडा घातला. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, काढायचा, नवा आकडा देऊन परत घालायचा. मुंग्या. काढायचा, घालायचा. मुंग्या. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. पाठीमागे वेताच्या खुर्चीत म्हातारी बसलेली, हातात तळलेल्या केळ्याची बशी.

"आला का?"

"अजून नाही, म्बोक."

"पाऊस पडतोय वाटतं त्यांच्याकडे. खरखर ऐकू येतेय."

शनिवारी दुपारपर्यंत पंचेचाळीस आकडे झाले. वुरयानीने कार्ड उपसून काढलं, खोक्यात घातलं, आणि लाल पेनाने खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : 'मेलेलं'. मग तडक दुकान गाठलं.

दुकानात गटातलेच गालिह आणि निंग्रुम कसलीशी केबल बघत उभे होते. आणखी दोन-तीन अनोळखी गिऱ्हाइकं होती. तिने खोकं काउंटरवर आपटलं.

"कोह, हे मेलेलं कार्ड आहे."

कोह हिएनने ते उलटून पाहिलं. "असं कसं, बू? मी बघूनच दिलं होतं. थांबा, इथल्या विंडोजवर लावून बघू या, दहा मिनिटांचं काम."

एवढंच बोलला बिचारा. पण 'विंडोज' शब्द तिला चाबकासारखा लागला, आणि तोही पोरांसमोर.

"म्हणजे मला येत नाही म्हणता? पंचेचाळीस आकडे घातलेत मी! फसवलंत ते फसवलंत, वर मलाच शिकवता. तुम्हा लोकांचं हे असंच."

निंग्रुमने हातातली केबल हळूच खाली ठेवली. कोह हिएनचा चेहरा हलला नाही. तो आत गेला, नवं कोरं, महागातलं कार्ड घेऊन आला आणि पिशवीत घालून तिच्यापुढे सरकवलं.

"हे न्या, बू. वर काही द्यायचं नाही. म्हातारीचं नाटक चुकायला नको."

घरी पोचताच तिने आधी काय केलं असेल? कार्ड नाही बसवलं. गटाच्या मेलिंग लिस्टवर पत्र टाकलं. कोह हिएनकडून कुणी काही घेऊ नका, तो मेलेला माल विकतो, असं स्वच्छ लिहून खाली सही केली. दीडशे लोकांना ते पत्र गेलं. मग तिने मशीन उघडून नवं कार्ड बसवलं.

मुंग्या.

तशाच, त्याच. आकडा बदलला, मुंग्या. पुन्हा बदलला, मुंग्या. तिने कीबोर्डवरून हात काढले. दोन कार्डं एकाच वेळी मरत नाहीत, हे तिने कितीतरी पोरांना सांगितलं होतं.

"लॉग वाचला का?" असं तिला कुणी विचारलं नाही. म्हातारी तेवढी मागे केळं खात होती. वुरयानीने लॉग उघडला.

पानंच्या पानं एकच ओळ होती. 'ट्यूनरचा आकडा आधीच ठरलेला आहे.' गुरुवारी पंधरा वेळा, शुक्रवारी एकोणीस वेळा, आज सकाळी अकरा वेळा, आणि नव्या कार्डाला आत्ताही. ड्रायव्हर दोन होते, एक कार्डाचा आणि एक डबीचा. ती दर वेळी कार्डाचाच काढून घालत होती. डबीचा तसाच आत बसून होता, गुरुवारी सुरुवातीलाच तिने अंदाजाने दिलेला चुकीचा आकडा घट्ट धरून. मशीन बंद करून सुरू केलं तरी तिनेच फाइलीत लिहून ठेवलेला तोच आकडा पुन्हा आत जात होता. त्यानंतर पंचेचाळीस आकडे तिने घातले खरे. डबीपर्यंत एकही पोचला नव्हता. आणि मशीन बापडं दर खेपेला सांगत होतं.

तिने फाइलीतला आकडा पुसला. दोन्ही ड्रायव्हर काढले. यादीतला सहावा आकडा घातला.

पडद्यावर राजवाडा उभा राहिला.

"आला!" म्हातारीने टाळी वाजवली. "बघ, मोठी राणी! अगं, ही रडतेय का?"

"हो, म्बोक."

"आणि तू का रडतेस?"

वुरयानीने सांगितलं. सगळं सांगितलं, दुकानातलं ते वाक्य मात्र तोंडातल्या तोंडात. पण म्हातारीचे डोळे अधू होते, कान नव्हते.

"नाचता येईना, अंगण वाकडं," म्हातारी म्हणाली, आणि पडद्यावरची नजर न काढता पुढे बोलली, "त्याच्या बापाकडून मी वीस वर्षं बातिकचं मेण घेतलं. कधी गुंजभर कमी भरलं नाही. त्यांचं दुकान जळालं त्या दिवशी आपण काय केलं, आठवतं?"

वुरयानीला आठवत होतं. त्यांनी दार लावून घेतलं होतं. दिवे मालवून, आवाज बंद करून, टीव्हीपुढे बसले होते. दुसऱ्या दिवशी भेटायलासुद्धा कुणी गेलं नव्हतं. काय बोलायचं ते सुचलं नाही म्हणून. सहा वर्षं ती त्या काळ्या डागाखालून आत-बाहेर करत होती.

सोमवारी ती दुकानात गेली. काउंटरवरच्या मशीनवर टीव्ही चालू होता, बातम्या लागलेल्या. मशीनची कड उघडी होती आणि शेजारी तिचं खोकं पडलं होतं, लाल अक्षरातलं.

"हे तेच कार्ड?" तिने विचारलं.

"हो, बू."

"कधी लावलंत?"

"तुम्ही गेलात ना, त्यानंतर लगेच."

"मग कळवलं का नाही मला?"

"काय कळवणार?" तो हसला. "आमचीच चूक. आकड्याचा कागद सोबत द्यायला हवा होता मी."

तिला तो कागद नको होता. चार शिव्या हव्या होत्या. तिने तोंड उघडलं तेवढ्यात टेलिफोन वाजला. कोह हिएन "बरं, बरं, हरकत नाही" म्हणत राहिला आणि मग मागण्यांच्या वहीतल्या एका ओळीवर काट मारली. त्या ओळीच्या वर आणखी तीन नावांवर काट होती. ती नावं तिला उलटी वाचूनही ओळखू आली. सगळी रविवारची पोरं. "येते मी," म्हणून ती निघून आली.

त्या संध्याकाळी तिने लिस्टवर दुसरं पत्र टाकलं. दोन ड्रायव्हरांची हकिगत लिहिली, लॉगमधल्या ओळी जशाच्या तशा डकवल्या, कोह हिएनचा माल चोख आहे असं लिहिलं. ते जड गेलं नाही. चूक कारकुनासारखी मांडता आली. उत्तरांचा पाऊस पडला. 'बू वुर, लॉग वाचला होता का?' असं निदान वीस जणांनी विचारलं. एकाने दारावरच्या पुठ्ठ्याचा फोटो धाडला. तिला बरंच वाटलं. हसू होतं ते, आणि तिची तेवढी लायकी होती.

पण गालिहने काही लिहिलं नाही. निंग्रुमनेही नाही. त्या दोघांनी ते वाक्य ऐकलं होतं, आणि पत्रात ते वाक्य नव्हतं.

शनिवारी त्याच वेळेला ती त्या दोघांना बरोबर घेऊन दुकानात गेली. गिऱ्हाइकं होती दोन; ती जाण्याची वाट तिने पाहिली नाही. महागाचं कार्ड काउंटरवर ठेवलं.

"कोह, हे परत घ्या. माझं मला द्या."

"असू द्या की, बू, त्यात काय!"

"नाही. आणि ऐकून घ्या. कार्डाचं मी लिहिलंय लिस्टवर. ते दुसरं नाही लिहिलं. गेल्या शनिवारी इथे, यांच्यासमोर, मी म्हणाले, 'तुम्हा लोकांचं हे असंच.' ते रागात सुटलं, असं सांगायला आले होते. पण रागात तेच का सुटावं? आत होतं म्हणून सुटलं. तुमचं दुकान जळालं तेव्हाही आम्ही दार लावून बसलो होतो. मला लाज वाटते, कोह."

गालिह जमिनीकडे बघत होता. एका गिऱ्हाइकाने उगाच घसा साफ केला.

कोह हिएनने काउंटरवरच्या मशीनमधल्या तिच्या कार्डाचा स्क्रू सोडवायला घेतला. सगळा वेळ तो हातातल्या पेचकसाकडेच बघत होता. कार्ड बाहेर काढून त्याने त्यावरची धूळ फुंकली, आणि मग, तिच्याकडे न बघता, हलक्या आवाजात म्हणाला, "त्या वाक्याची सवय आहे, बू. लहानपणापासून आहे. तुमच्या तोंडून ऐकायची तेवढी नव्हती."

"माफ करा," ती म्हणाली.

तो 'हो' म्हणाला नाही. 'त्यात काय' असंही या खेपेला म्हणाला नाही. आतून चहाचे पेले आले. त्याने एक तिच्यापुढे ठेवला. "गार होईल," म्हणाला. ती उभ्यानेच प्याली. जास्त गोड होता, तिथे नेहमी असायचा तसाच.

मग त्याने कार्ड त्याच खोक्यात घातलं. दुकानात रिकामी खोकी शंभर होती. 'मेलेलं' हा शब्द त्याने खोडला नव्हता, वर कागदही चिकटवला नव्हता. दोन्ही हातांनी, रीतीप्रमाणे, त्याने खोकं तिला दिलं.

बाहेर सायकलरिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की शब्द बाहेरच्या बाजूला आला आहे आणि समोरून येणाऱ्या माणसांना तो वाचता येतो आहे. खोकं फिरवून शब्द पोटाशी धरावा असं तिला फार वाटलं. हातही हलला. पण मग तिने तो तसाच राहू दिला, आणि रिक्षा बाजारातून, सगळ्या गल्लीतून, घरापर्यंत गेली.

दारात म्हातारी वाट बघत होती.

"आणलंस? लवकर लाव बाई. गेल्या खेपेला राणीला राजाने घालवून दिली. परत घेतो की नाही, ते बघायचंय."

"बघू या, म्बोक," वुरयानी म्हणाली, आणि पेचकस शोधू लागली.