एकाला एकच आई

"मी मेले कधी, तेवढं तरी सांगा!" दारातल्या बाईंनी धापा टाकत विचारलं. पाय सुजलेले, आणि आजची डायलिसिसची पाळी संगणकाने रद्द केलेली. कारण दिलं होतं: रुग्ण मृत. काउंटरवाल्याने जिवंत माणसाला जिने चढवून वर संगणकाच्या खोलीत पिटाळलं होतं.

संगणकाचे नियम सांभाळणाऱ्या नियमवालीचं डोकं फिरलं. नोंदींवरून निष्कर्ष काढायचे नियम इस्पितळाच्या संगणकाला दिलेले होते. तो चुकला की कुठल्या नियमाने घोळ घातला हे शोधण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तिने बाईंना आपली खुर्ची दिली आणि उभ्यानेच एकेक पायरी मागे जात तपासू लागली.

मुळाशी तिच्या साहेबांचा लाडका नियम निघाला: प्रत्येकाला आई एकच. बाईंच्या मुलीने आपल्या नोंदीत दोघी लिहिल्या होत्या. एक, जन्म देऊन याच इस्पितळात वारलेली. दुसऱ्या या, वाढवणाऱ्या. माणसाने विचारलं असतं, हे कसं? यंत्राने परस्पर ठरवलं, आई एकच, म्हणजे या दोघी एकच बाई. ती मेली, म्हणून याही मेल्या. अकलेचं दिवाळं, दुसरं काय!

"साहेब, नियम बदला," ती फोनवर कडाडली.

"तपासणी होईपर्यंत नियमाला हात लावायचा नाही. एकीपुढचं 'आई' काढा, 'इतर' टाका. संपलं."

फोन बंद. नियम चुकला साहेबांचा, आणि आईपण सोडायचं यांनी! चोर सोडून संन्याशाला फाशी.

"मेलेलीचं काढते," ती म्हणाली. "तिला काय फरक पडणार आता?"

"नको हो. पोरगी पाळण्यात होती तेव्हा गेली बिचारी. आई म्हणून तिचं नाव दुसरीकडे आहे कुठं? माझं काढा."

"मावशी, हा अन्याय आहे!"

"आहेच की. पण माझी पाळी जातेय ना."

तिने दात-ओठ खात 'इतर' टाकलं. बाई जिवंत झाल्या, पाळी परत मिळाली. त्यांना धरून तिने खाली नेलं.

डायलिसिसच्या खोलीत नर्सने पडद्यावर पाहिलं. "जवळचं कुणीच नाही का तुम्हाला? मुलंबाळं? इथं रिकामं दिसतंय."

नियमवाली तोंड उघडणार, तोच बाईंनी बाही वर सारली आणि सुईसाठी हात पुढे केला.