रुपरावांचं नाव पुसताना

आमच्या पतसंस्थेत कॉम्प्युटरला तो चालवणाऱ्या माणसाचंच नाव द्यायची खोड आहे. मी, उन्मेष, ही यंत्रं सांभाळतो. असं करू नका म्हणून सुरुवातीलाच बजावलं होतं, पण माझं ऐकतो कोण!

या कॉम्प्युटरांच्या नावं-पत्त्यांची यादी ठेवणारे सर्व्हर तीन, शाखेला एक: महाल, सक्करदरा आणि भिवापूर. तिघंही मालक, म्हणजे यादी बदलायचा हक्क तिघांनाही. कुठल्याही एकात नाव लिहा, पाव तासात बाकी दोघांत उतरतं. पुसलं तरी तसंच. पुसल्याची खूण मात्र सहा महिनेच टिकते.

हेडक्लार्क रुपराव निवृत्त झाले तेव्हा मी त्यांचं नाव महालात पुसलं. भिवापूरवाल्यांनी नेमका तेव्हाच सर्व्हर बंद करून त्या खोलीत मिरचीची पोती रचली होती. आठ महिन्यांनी पोती हलली, सर्व्हर सुरू झाला. तोवर पुसल्याची खूण सगळीकडून गेलेली. भिवापूरची जुनी यादी पसरली आणि रुपराव तिन्हीकडे परत हजर.

"यादीत नाव आहे न, मंग माणूस कामावर आहे," मॅनेजर गिरिधरसाहेब म्हणाले. रुपराव दुसऱ्याच दिवशी येऊन बसले. घरी सगळे नुसतं आबा म्हणतात, इथं कोणी नावानं हाक मारतं, एवढ्यावर स्वारी खूश. पंचाईत झाली हंगामी क्लार्क मुग्धाची. ती त्यांच्या जागेवर कायम व्हायची होती. साहेब म्हणाले, जागा रिकामी नाही, आणि जिवंत माणसाचं नाव त्याच्या मर्जीशिवाय पुसायचं नाही.

"पोरीचं नुकसान काहून करू?" रुपराव मला म्हणाले. "मीच पुसतो गा. चाल भिवापूरले, जिथून उगवलो तिथंच पुसू."

बटण त्यांनीच दाबलं. मला फार वाईट वाटलं. मग सगळ्यांचा नीट निरोप घ्यायचा म्हणून आम्ही महालात परत आलो.

"कोण पाह्यजे?" गिरिधरसाहेबांनी त्यांना विचारलं. तीस वर्षं दोघांची टेबलं शेजारी होती. साहेब चेष्टा करत नव्हते.

मुग्धाच्या हातात कायम झाल्याचं पत्र होतं. रुपरावांनी तिचं अभिनंदन केलं.

"थँक्यू काका," ती म्हणाली. "पण तुम्ही कोण? नाव काय तुमचं?"

रुपराव बोलायला गेले आणि थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "काय नाव होतं गा माझं?"

मी सांगितलं, अख्ख्या ऑफिसात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. कोणीच ओ दिली नाही. त्यांनीही नाही.